पिलाटेसची सुरुवात : चटईवरचे पहिले धडे

पिलाटेसच्या वर्गात पहिल्यांदा जाणाऱ्याची बहुधा थोडी निराशाच होते. घाम निथळेल, संगीताच्या तालावर अंग हलेल अशा अपेक्षेने तो येतो आणि पहिली पंधरा मिनिटे त्याला उताणे झोपवून केवळ श्वास घ्यायला लावले जाते. बरगड्यांवर हात ठेवा, कमरेखाली किती पोकळी आहे ते पाहा, एक पाय जमिनीपासून उचला. मात्र कंबर जराही हलू देऊ नका, अशा सूचना मिळतात. एवढ्याशा हालचालीने पोटाच्या आत कुठेतरी थरथर सुरू होते. रोज तासभर चालणाऱ्या माणसालाही आपल्या शरीराचा मधला भाग आपल्या फारसा ताब्यात नाही, हे तेव्हा प्रथमच जाणवते.

गोव्यातील शहरांत आणि किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत पिलाटेसच्या वर्गांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. समाजमाध्यमांवर सरकत्या फळीवर कसरती करणाऱ्या कलाकारांच्या चित्रफिती फिरतात. त्यातून दोन टोकांचे ग्रह तयार झाले आहेत. काहींना हे पैसेवाल्यांचे खूळ वाटते, तर काहींना पाठदुखीवरचा रामबाण उपाय. प्रत्यक्षात या वर्गांकडे वळणारे बरेचसे लोक साधे असतात. दिवसभर संगणकापुढे बसणारे कर्मचारी, खड्ड्यांतून दुचाकी हाकणारे विक्रेते, बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या स्त्रिया, साठी ओलांडलेले निवृत्त लोक. अनेकांना पाठीची, मानेची किंवा गुडघ्यांची काहीतरी तक्रार असते. त्यांच्या बाबतीत चुकीची सुरुवात म्हणजे केवळ वाया गेलेले शुल्क नव्हे. आहे ते दुखणे वाढण्याची शक्यताही त्यात असते. म्हणूनच हा व्यायाम नेमका काय आहे, तो कुठून सुरू करावा आणि कुठे थांबावे, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते.

छावणीतून नृत्यशाळेत

पिलाटेस हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ ह्युबर्टस पिलाटेस यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी झाला. लहानपणी ते दम्याने आणि इतर आजारांनी ग्रासलेले होते, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. दुबळे शरीर सुधारण्याच्या ध्यासातून त्यांनी जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध आणि शरीरसौष्ठव यांचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धापूर्वी ते इंग्लंडमध्ये होते. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि आयल ऑफ मॅन या बेटावरील नॉकालो छावणीत त्यांनी युद्धाचा मोठा काळ काढला. बंदिस्त जागेत, कोणत्याही साधनांविना, जमिनीवर करता येतील अशा व्यायामांची जुळणी त्यांनी याच काळात केली. अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी खाटांना स्प्रिंगा जोडल्या आणि पुढच्या यंत्रांचे मूळ त्यात आहे, असेही सांगितले जाते.

१९२६ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कमधील एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी पत्नी क्लारा यांच्यासह व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बॅलनशिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यरचनाकारांच्या वर्तुळातील नर्तक-नर्तकी दुखापतीनंतर तेथे येत असत. नृत्याच्या जगाने ही पद्धत जपली आणि पुढे तीच तिची ओळखही बनली. हा ‘बायकांचा व्यायाम’ आहे, ही समजूत त्यातूनच पसरली असावी. वास्तविक तो एका मुष्टियोद्ध्याने रचला आणि प्रथम पुरुषांच्या छावणीत आकाराला आला.

जोसेफ यांनी स्वतः आपल्या पद्धतीला ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे नाव दिले होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम क्रमाने दिलेले आहेत. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी ही पद्धत आपापल्या रीतीने पुढे नेली आणि तिच्या अनेक शाखा झाल्या. २००० मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे एका व्यायामपद्धतीचे सर्वसामान्य नाव आहे, त्यावर कोणाचीही व्यापारी मालकी असू शकत नाही, असा निवाडा दिला. त्यामुळे ही पद्धत सर्वांना खुली झाली. त्याची दुसरी बाजू अशी की पाटीवर हे नाव लिहायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही. शिक्षकाची पारख करण्याची जबाबदारी त्यामुळे शिकणाऱ्यावरच येऊन पडते.

शरीराचा मधला डबा

पिलाटेसचा सगळा भर धडाच्या मधल्या भागावर असतो. हा भाग एखाद्या डब्यासारखा कल्पावा. डब्याचे झाकण म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल. तळ म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय यांना खालून आधार देणारे श्रोणितळाचे स्नायू. पुढची आणि बाजूची भिंत म्हणजे पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, जो कमरपट्ट्यासारखा भोवती गुंडाळलेला असतो. मागच्या बाजूला प्रत्येक मणक्याला धरून ठेवणारे लहान लहान स्नायू असतात. हात उचलताना, पाऊल टाकताना, बादली उचलताना हे सर्व स्नायू एकत्र आणि वेळेवर आवळले, तर कमरेच्या मणक्यांना आधार मिळतो. दीर्घकाळ बसून राहणे, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा जुने दुखणे यांमुळे हा मेळ बिघडू शकतो. मग मोठे, वरचे स्नायू जास्तीचे काम अंगावर घेतात. ते थकतात, ताठरतात आणि दुखू लागतात.

पोटावर दिसणारे ‘पॅक’ वरच्या स्नायूंचे असतात. पिलाटेसचे पहिले धडे मात्र आतल्या, न दिसणाऱ्या स्नायूंसाठी असतात. म्हणूनच सुरुवातीच्या हालचाली लहान आणि संथ असतात, आणि त्या लहान आहेत म्हणून सोप्या असतात असे नाही.

१९८० मध्ये फिलिप फ्रीडमन आणि गेल आयझेन यांच्या पुस्तकाने या पद्धतीची सहा तत्त्वे मांडली. एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, ओघ, अचूकता आणि श्वास. आजही बहुतेक शिक्षक याच सहा शब्दांत पद्धत समजावतात. नवशिक्याने त्यांचा अर्थ व्यवहारात असा घ्यावा : दहा ढिल्या आवृत्त्यांपेक्षा पाच नेमक्या आवृत्त्या कराव्यात, आणि सहावी बिघडू लागली की तिथेच थांबावे.

योगासने येतात, मग हे कशाला?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न साहजिकच येतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली होती. साधारण त्याच काळात जोसेफ पिलाटेस न्यूयॉर्कमध्ये आपली शाळा मांडत होते. शरीर कमावण्याचा आणि श्वासाशी त्याची सांगड घालण्याचा विचार त्या पिढीत जगभर चालू होता. त्यामुळे दोन्हींत साम्ये सापडली तर नवल नाही.

फरक आहेत ते हेतूत आणि रीतीत. आसनात सामान्यतः एका स्थितीत स्थिरावण्याला महत्त्व असते. पिलाटेसमध्ये एक हालचाल ठरावीक श्वासावर पाच ते दहा वेळा, न अडखळता केली जाते. प्राणायामात अनेकदा पोट मोकळे सोडून श्वास घेतला जातो. पिलाटेसमध्ये पोटाचा हलका आधार राखून श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे नेला जातो. योगाला आध्यात्मिक अधिष्ठान आहे. पिलाटेसला तसे नाही. ज्यांना नियमित योगाभ्यासाने लाभ होत आहे, त्यांनी तो सोडण्याचे काहीच कारण नाही. अंग लवचीक आहे पण कमरेला आधार कमी पडतो, असे ज्यांना जाणवते, त्यांना मात्र पिलाटेसची जोड उपयोगी पडू शकते.

चटई की यंत्र?

चित्रफितींत दिसणारे यंत्र म्हणजे ‘रिफॉर्मर’. लाकडी किंवा धातूच्या चौकटीत रुळांवर सरकणारी गादी, तिला जोडलेल्या स्प्रिंगा, हातापायांसाठी पट्टे आणि पाय टेकवण्यासाठी दांडी अशी त्याची रचना असते. नवशिक्याला वाटते, जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड. हे नेहमीच खरे नसते. पायांनी गादी ढकलताना जास्त स्प्रिंगांनी जोर वाढतो. पण पोटाच्या अनेक व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की गादी डळमळू लागते आणि तिला स्थिर ठेवण्याचे सारे काम शरीरावर येते. स्प्रिंग आधारही देते आणि विरोधही करते. त्यामुळे जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली हे यंत्र दुखापतीतून सावरणाऱ्यालाही उपयोगी ठरते. एकट्याने, न शिकता त्यावर चढणे मात्र धोक्याचे आहे.

यंत्राच्या वर्गांचे शुल्क चटईच्या वर्गांहून पुष्कळ जास्त असते. सुरुवातीला त्याची गरज नसते. जोसेफ यांचे ३४ व्यायाम चटईवरचेच आहेत, आणि चटईवर आधार देणारी स्प्रिंग नसल्याने शरीराची खरी परीक्षाही तिथेच होते. ज्याला शक्य आहे त्याने पहिले चार-सहा धडे एखाद्या शिक्षकाकडे वैयक्तिकरीत्या किंवा लहान गटात घ्यावेत आणि उरलेला सराव घरी करावा. खर्चाच्या दृष्टीने आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा मार्ग शहाणपणाचा आहे.

घरच्या सरावासाठी फारसे साहित्य लागत नाही. योगासनांची चटई साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची असते. पाठीच्या मणक्यांवर लोळण्याच्या व्यायामांना ती पातळ पडते. दोन चटया एकावर एक टाकाव्यात किंवा फरशीवर सतरंजी घालून वर चटई अंथरावी. गादीवर किंवा सोफ्यावर सराव करू नये. तिथे शरीर रुतते आणि कणा कोणत्या स्थितीत आहे ते कळत नाही. मानेखाली ठेवायला घडी केलेला टॉवेल आणि बसताना नितंबांखाली घेण्यासाठी घडी केलेली चादर एवढे पुरते. कपडे अंगासरशी असावेत, म्हणजे बरगड्या आणि कंबर यांची हालचाल दिसते. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत.

गोव्यासारख्या प्रदेशात या व्यायामाचा आणखी एक फायदा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसात अनेकांचे सकाळचे चालणे बंद पडते आणि ते पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उजाडते. चटईचा व्यायाम चार भिंतींच्या आत, सहा फूट जागेत होतो. मात्र दमट हवेत चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली तर तिला बुरशी धरते. सरावानंतर ती पुसून, पंख्याखाली वाळवून मगच गुंडाळावी.

शिक्षक निवडताना

पिलाटेसच्या संपूर्ण प्रशिक्षणात शरीररचना, चटई आणि सर्व यंत्रे यांचा समावेश असतो आणि ते शेकडो तासांचे असते. दोन-तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्रही भिंतीवर तितकेच देखणे दिसते. त्यामुळे प्रशिक्षण कुठे, किती काळ आणि कशाचे घेतले, हे स्पष्ट विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रामाणिक शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे शिक्षकच काय विचारतो ती. वय, जुने आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपण, रक्तदाब, औषधे यांची चौकशी न करता थेट व्यायाम सुरू करणारा वर्ग टाळावा. दहा-बाराहून अधिक जणांच्या गटात नवशिक्याच्या चुका दिसत नाहीत. शिक्षक स्वतःच सगळे व्यायाम आरशापुढे करत राहतो की फिरून प्रत्येकाकडे पाहतो, हेही ध्यानात घ्यावे. स्पर्श करून स्थिती सुधारण्यापूर्वी तो परवानगी घेतो का, दुखते म्हटल्यावर पर्यायी हालचाल देतो का, की ‘थोडे सोसा’ म्हणतो? एका धड्यात या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

पहिल्या महिन्याचा सराव

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, एवढे पहिल्या महिन्याला पुरेसे आहे. पुढील क्रम निरोगी नवशिक्यासाठी आहे.

१. श्वास. उताणे झोपून गुडघे वाकवावेत. पावले खुब्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर टेकवावीत. तळहात बरगड्यांच्या बाजूंना ठेवावेत. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुलल्या पाहिजेत. खांदे कानांकडे चढता कामा नयेत. तोंडाने सावकाश श्वास सोडताना बरगड्या मिटतात आणि ओटीपोट आपसूक किंचित आत जाते. हा किंचितपणा महत्त्वाचा आहे. पोट आवळलेले असतानाही सहज बोलता आले पाहिजे. असे आठ ते दहा श्वास घ्यावेत.

२. कमरेची मधली स्थिती. श्वास सोडताना कमरेची पोकळी जमिनीला टेकवावी, श्वास घेताना हलकेच सोडावी. आठ वेळा असे केल्यावर दोन टोकांच्या मधोमध थांबावे. कमरेच्या हाडांची पुढची दोन टोके आणि जांघांच्या मधले हाड हे तीन बिंदू एका पातळीत आले, की ती कण्याची नैसर्गिक स्थिती होय. कमरेखाली थोडी पोकळी राहते, आणि ती राहू द्यावी.

३. एकेक गुडघा उचलणे. श्वास सोडत एक पाय, गुडघ्यात वाकलेलाच, काटकोनापर्यंत उचलावा आणि पुन्हा टेकवावा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून कंबर डगमगत नाही ना, हे पाहावे. प्रत्येक पायाने सहा वेळा. अगदी प्राथमिक वाटणारा हा व्यायाम पुढच्या सर्व व्यायामांचा पाया आहे.

४. सेतू. श्वास सोडत आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठ असा एकेक मणका चटईवरून उचलत जावे. भार खांद्यांच्या पात्यांवर आला की थांबून श्वास घ्यावा. उतरताना उलटा क्रम ठेवावा आणि माकडहाड शेवटी टेकवावे. सहा वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा नितंबांच्या थोड्या जवळ घ्याव्यात.

५. कुशीवर पाय उचलणे. कुशीवर झोपून खालचा हात डोक्याखाली घ्यावा. वरचा पाय सरळ, खुब्याच्या उंचीपेक्षा थोडा वर उचलावा आणि सावकाश आणावा. कंबर मागे कलंडू देऊ नये. प्रत्येक बाजूला आठ वेळा.

६. चौपाई. तळहात आणि गुडघे टेकून पाठ टेबलासारखी सपाट ठेवावी. एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे सरकवत नेऊन जमल्यास उचलावा. दोन श्वास थांबून परत यावे. प्रत्येक बाजूला पाच वेळा. मनगट दुखत असेल तर कोपरांवर टेकावे.

७. पालथे झोपून छाती उचलणे. कपाळ चटईवर, हात अंगाच्या बाजूला. श्वास सोडताना खांद्यांची पाती खाली ओढत छाती दोन-तीन इंचच उचलावी. नजर जमिनीकडे राहावी. पाच वेळा. दिवसभर पुढे झुकून काम करणाऱ्यांनी हा व्यायाम सहसा गाळू नये.

चौथ्या आठवड्यात ‘हंड्रेड’ या प्रसिद्ध व्यायामाची ओळख करून घ्यायला हरकत नाही. जोसेफ यांच्या क्रमात तो पहिलाच आहे. त्यात हात शरीराच्या बाजूला सरळ ठेवून छोट्या, वेगवान हेलकाव्यांनी वरखाली हलवले जातात. पाच हेलकाव्यांत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा. अशी दहा आवर्तने झाली की शंभर होतात. मूळ रूपात डोके आणि दोन्ही पाय उचललेले असतात. नवशिक्याने डोके टॉवेलवर आणि पावले जमिनीवर ठेवून तीस ते पन्नास हेलकाव्यांवर थांबावे. मान ताणली जाऊ लागली की डोके खाली ठेवणे हीच योग्य रीत.

नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे श्वास रोखणे. जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडायचा, हा नियम लक्षात ठेवला की ती बरीचशी टळते. दुसरी चूक पोट जोराने आत ओढून धरण्याची. अशाने बरगड्या अडकतात आणि श्रोणितळावर खाली दाब पडतो. तिसरी चूक मानेने डोके ओढण्याची. दुसऱ्या दिवशी पोटाऐवजी मान दुखली तर ही चूक झाली असे समजावे. चौथी चूक म्हणजे वेग. वेगात झोक्याचा आधार मिळतो आणि स्नायूचे काम चुकते. शेजारच्या चटईकडे पाहत तिची बरोबरी करायला जाणे ही पाचवी. प्रत्येकाच्या मांडीमागच्या स्नायूंची लांबी, खुब्याची ठेवण आणि जुनी दुखणी वेगळी असतात.

सराव करताना स्नायू थरथरणे, दमणे, आणि पुढचा एक-दोन दिवस अंग ठणकणे हे स्वाभाविक आहे. सांध्यात किंवा कण्यात तीव्र कळ, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, छातीत दडपण यांपैकी काही जाणवले, तर तत्काळ थांबावे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाळी गेलेल्या अनेक स्त्रियांना आपली हाडे विरळ झाली आहेत याची कल्पनाही नसते. कण्याला पुढे गोल वाकवून उठून बसणे, चेंडूसारखे पाठीवर लोळणे यांसारख्या पिलाटेसच्या ओळखीच्या व्यायामांत अशा मणक्यांवर मोठा दाब येतो आणि मणका दबून मोडू शकतो. अशा व्यक्तींनी चित्रफीत पाहून घरी सराव करू नये. पाठ सरळ ठेवून किंवा मागे नेऊन करण्याचे व्यायाम त्यांच्यासाठी वेगळे निवडता येतात; पण ते जाणकाराकडूनच निवडून घ्यावेत.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांनंतर दीर्घकाळ उताणे झोपून व्यायाम करणे टाळले जाते. प्रसूतीनंतर पोटाच्या मधल्या स्नायूंत फट पडलेली असू शकते. डॉक्टरांची तपासणी होण्यापूर्वी, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास, पोटाचे व्यायाम सुरू करू नयेत. मणक्याची गादी सरकलेले, हर्निया असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अनियंत्रित रक्तदाबाचे आणि काचबिंदूचे रुग्ण यांनीही आधी सल्ला घ्यावा. पाठदुखीसोबत पायातील ताकद कमी होत असेल, जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर तो प्रश्न व्यायामवर्गाचा नसून तातडीने रुग्णालय गाठण्याचा आहे.

अपेक्षा किती ठेवाव्यात

पाठदुखीवर पिलाटेसचा उपयोग होतो का, याचा पडताळा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. त्यात १० चाचण्या आणि ५१० सहभागी होते. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात आणि हालचाल सुधारते, असे त्यात आढळले. मात्र उपलब्ध पुरावा कमी ते मध्यम दर्जाचा होता. इतर व्यायामप्रकारांहून पिलाटेस श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. नवशिक्यासाठी याचा अर्थ दिलासादायक आहे. पाठीसाठी एकच एक जादूचा व्यायाम नाही. जो व्यायाम आवडतो, परवडतो आणि म्हणून टिकतो, तो बहुधा आपल्यासाठी चांगला.

वजन घटवण्यासाठी किंवा हृदयाच्या क्षमतेसाठी केवळ पिलाटेस पुरेसे नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पिलाटेस यांतील दुसऱ्या भागाला हातभार लावते. पहिल्या भागासाठी चालणे, पोहणे, सायकल यांना पर्याय नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी फिरणाऱ्याने फिरणे चालू ठेवावे आणि आठवड्यातील तीन दिवस घरी येऊन चटई अंथरावी, ही जोडी उत्तम.

महिना-दीड महिना नियमित सराव झाल्यावर बदल दिसतो तो आरशापेक्षा दैनंदिन कामांत. खुर्चीवरून उठताना हाताचा टेकू लागत नाही, दुचाकीवरून उतरल्यावर कंबर सरळ करायला क्षणभर थांबावे लागत नाही, लांबच्या बसप्रवासानंतर मान आखडत नाही. चवथीला माटोळी बांधताना बराच वेळ हात वर धरून उभे राहावे लागते. मागच्या वर्षी त्या कामानंतर दोन दिवस शेकत बसलेल्याने यंदा आपल्या पाठीकडे लक्ष ठेवावे. शंभर हेलकावे जमले की नाही, यापेक्षा ती परीक्षा अधिक खरी आहे.